नव्याचा नाद

एकदा केलेली गोष्ट पुन्हा करायची वेळ आली की आमच्या साडूंच्या अंगावर काटा येतो. कोणी सापाला भितं, कोणी कोर्टाच्या पायरीला भितं. आमचे साडू कालच्या दिवसाला भितात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण साडूंच्या घरी नवं संध्याकाळपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. अपवाद एकच, त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. आणि लग्न झाल्यापासून या अक्काची एकच तक्रार होती, की हा माणूस घरात बसत नाही.

मी साताऱ्याचा. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. माझा न्हावी ठरलेला, चहाचा कप ठरलेला, आणि संध्याकाळी फिरायला जातो तो रस्ता तर माझ्या चपलांना पाठ आहे. साडू माधवनगरचे. कुपवाडला त्यांचा लेथ मशीनचा छोटा कारखाना, तो त्यांनी मुलाच्या हाती दिला आणि हे मोकाट सुटले. सकाळी सांगलीच्या स्टँडवर जायचं आणि ज्या गावाची पाटी आजवर नीट वाचली नाही त्या गाडीत बसायचं, हा त्यांचा उद्योग. दुपारी मला फोन यायचा, "पावनं, पाटणला हाय मी." मी विचारायचो, कोणाकडे? "कुनाकडं न्हाई." मग कशाला गेलात? "गाडी फलाटाला उभी हुती." त्या पाटणच्या खेपेत त्यांनी एका न्हाव्याच्या हाती डोकं दिलं, कारण काय, तर त्याची खुर्ची लाकडी होती आणि तसल्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. त्या न्हाव्याने जे काही केलं ते बघून अक्काने महिनाभर त्यांना टोपीशिवाय दारात उभं राहू दिलं नाही. येताना रानभाजीची एक जुडीही आणली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, आणि शिजवायची कशी तेही. अक्काने उकळून, पाणी टाकून, पुन्हा उकळून ती केली, तरी इतकी कडू झाली की घरातली बाकीची माणसं दहीभातावर उठली. साडू एकटे "लय येगळी हाय" म्हणत कढई पुसून जेवले.

बैलबाजाराची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. मला त्या दिवशी बरोबर ओढून नेलं होतं. आमच्याकडे काही जुने व्यापारी अजून रुमालाखाली सौदा करतात. दोघांचे हात रुमालाखाली, तोंडं बंद, आणि भाव सांगायचा तो बोटं दाबून; भोवतीच्यांना काही कळत नाही. साडू हे बघत खिळून राहिले. मी म्हणालो, "चला आता, ऊन झालं." ते म्हणाले, "आत काय चालतंय ते हात घातल्याबिगार कसं कळंल, पावनं?" आणि एका पटकेवाल्या म्हाताऱ्याच्या रुमालाखाली त्यांनी खुशाल हात सारला. म्हाताऱ्याने बोटं दाबली. काहीच न करणं बरं दिसत नाही म्हणून साडूंनीही दाबली, जरा जास्तच. म्हाताऱ्याने झटकन हात बाहेर काढला, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि एका खोंडाचं दावं त्यांच्या हातात दिलं. सौदा रुमालाखाली झाला, पैसे मात्र फोनवरून गेले. टेम्पोतून खोंड माधवनगरला उतरला तेव्हा अक्का दारातच उभी होती.

"ह्ये काय?"

"खोंड हाय."

"त्ये दिसतंय मला."

नवराबायकोचं त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. खोंड पुढे अक्काच्या भावाच्या शेतावर गेला आणि तिथे सुखाने नांदतो आहे.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा त्यांना विचारलं. म्हणाले, "तुमचा कालचा दिस आन आजचा दिस एकावर एक ठिवला तर एकच दिसंल. आसं वरीसभर चाललं, तर वरीस गेलं कुटं?" मला राग आला. पण घरी येऊन आठवायला बसलो, तर निवृत्तीनंतरचे जे दिवस मला वेगळे आठवतात त्या सगळ्यांत हा माणूस आहे. बाकीचे दिवस चांगलेच गेले असणार, पण ते गेले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: माणसाने अधूनमधून न केलेलं काहीतरी करावं. त्यासाठी गाव सोडायला लागत नाही, आणि खोंड तर मुळीच आणू नये. पलीकडच्या गल्लीतून घरी आलं तरी पुरतं. मत पक्कं झालं, मी मात्र जुन्याच रस्त्याने फिरत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली, उजवी बाजू मात्र लुळी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, सुधारणा होईल, पण यांनी स्वतः हालचाल केली पाहिजे. आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अक्काचा फोन आला. "दाजी, तुमी या. घरात बसंनात म्हनून जलमभर भांडली मी, आता उटंनात. चमचा फेकून देत्यात. भरवाय गेलं की तोंड मिटत्यात. आसं किती दिस जगायचं मानसानं?" अक्काचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी फार घाबरलो.

समजुतीच्या चार गोष्टी वाटेत जुळवल्या होत्या, त्या उंबऱ्यातच विसरलो. अक्काने आमच्या दोघांची ताटं आणली. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. साडूंनी ताटाकडे बघितलं आणि मान फिरवली. आता आमच्यात जेवताना डावा हात ताटाला लावत नाहीत. लहानपणी आईने त्यासाठी मला फटका दिला होता आणि माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला होता. का कोण जाणे, मी उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागलो. मोडेना. ताट सरकलं, भाजी शर्टावर आली, पहिला घास मिशीला लागला.

"आवं दाजी, काय करताय ह्ये?" अक्का म्हणाली.

साडूंनी मान वळवली. माझी धडपड ते बराच वेळ बघत राहिले. मग जड जिभेने त्यांनी विचारलं, "जमतंय व्हय?"

"नाही जमत," मी म्हणालो.

"तुमचं ताट लांब हाय. जवळ घ्या." मग म्हणाले, "बसवा मला."

अक्काने आणि मी धरून त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी डावा हात ताटात घातला. निम्मा घास अंथरुणावर सांडला, निम्मा तोंडात गेला. सावकाश चावत ते आपल्या त्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्यानं जलमभर नुसतं काम केलं, पावनं. घास कदी दिला न्हवता मी त्याला."

अक्काने त्यांच्या आमटीची वाटी उचलली आणि ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. आता ते अंगणापर्यंत चालतात. त्यापुढे किती चालतील ते मला ठाऊक नाही. त्या दुपारचं जेवण मात्र फार वेळ चाललं, आणि आम्हा तिघांपैकी कोणालाही ते लवकर संपायला नको होतं.