डोक्याच्या नावाखाली

परीक्षा विभागाच्या अधीक्षकांना सगळं कार्यालय पाठीमागे 'खिळा' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. खात्याची बढतीची परीक्षा दरवर्षी त्यांच्याच देखरेखीखाली व्हायची. चाळिशी-पन्नाशीचे कारकून शाळकरी बाकांत गुडघे मुडपून बसायचे आणि तीन तास कुणी जागचं हलायचं नाही. जो दाराबाहेर गेला त्याचा पेपर तिथेच जमा, हा नियम खुद्द खिळ्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी केलेला. 'तीन तासांत माणसाला कुठेही जायची गरज पडत नाही,' असं कारणही त्यांनी त्या नियमाखाली लिहून ठेवलं होतं.

हे लिहिणारे गृहस्थ स्वतः परीक्षेच्या आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण घेत नसत. का, ते फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं.

खिळ्यांचं डोकं मात्र जगजाहीर होतं. महिन्यातून आठ-दहा दिवस ते उठायचं. मग शिपाई पडदे ओढायचा, आजूबाजूचे लोक कुजबुजत बोलायचे आणि मोठे साहेब स्वतः टेबलापाशी येऊन म्हणायचे, "डोकं वापरणाऱ्याचंच दुखतं हो." खिळे कपाळाला बाम चोळत नम्रपणे मान हलवायचे. डोकेदुखीला एक मान असतो. कपाळावर दोन बोटं टेकवून ती चारचौघांत मिरवता येते. पण डोकं उठल्यावर तासाभरात पोटात कळ येते, पोट फुगतं आणि मग पळापळ होते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पोटाचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग काय खाल्लं होतं ते विचारतात. म्हणून रजेच्या प्रत्येक अर्जावर खिळे 'डोकेदुखी' लिहायचे आणि लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरायचे.

"अहो, दोन्ही जोडीनं येतात, तर डॉक्टरांना दोन्ही सांगा की," बायको म्हणायची.

"डोकं सांगण्यासारखं असतं," खिळे म्हणायचे, आणि विषय संपायचा.

डॉक्टरांनी एकदा आपणहून विचारलं होतं. "अशी जुनी डोकेदुखी असते ना, त्यातल्या बऱ्याच जणांची आतडीही चिडखोर असतात. मेंदू आणि आतडी यांचं आपसात सारखं बोलणं चालू असतं. एक बिनसलं की दुसरंही कुरकुरतं. नेमकं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही, पण माहीत असलं तर औषध तसं देता येतं. तुमचं पोट कसं आहे?"

"उत्तम," खिळे म्हणाले. कॉपी करताना पकडलेला एकही उमेदवार त्यांच्याशी इतक्या ठामपणे खोटं बोलला नव्हता. डॉक्टरांनी डोक्यापुरती गोळी दिली. ती पोटाला झोंबली. मग पोटाचं औषध आणायला खिळे तीन गल्ल्या ओलांडून अनोळखी दुकानात गेले.

यंदाच्या परीक्षेला सकाळपासूनच त्यांचं डोकं ठणकत होतं. पोट शांत राहावं म्हणून उपाशी राहायचं, उपाशी राहिल्यानं डोकं उठायचं आणि डोक्यापाठोपाठ पोट. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

तासभर झाला आणि तिसऱ्या रांगेतल्या, जावक विभागातल्या बाई उभ्या राहिल्या. वयाच्या अटीमुळे त्यांची ही शेवटची संधी होती. गेल्या दोन्ही वर्षी त्या मध्येच बाहेर गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा पेपर खिळ्यांनीच जमा करून घेतला होता.

"साहेब, डोकं फार दुखतंय. पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ का?"

"डोकं इथे बसूनही दुखतं," खिळ्यांनी ठेवणीतलं वाक्य टाकलं. वर्गात खसखस पिकली. बाई खाली बसल्या.

मग खिळ्यांचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात कपाळावर नव्हता, बाकाखाली पोटावर गच्च दाबलेला होता. बाई दाराकडे बघत होत्या. नुसत्या बघत नव्हत्या, पावलं मोजत होत्या. कुठल्याही खोलीत शिरल्यावर खिळ्यांनी हयातभर हेच केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते तिसऱ्या रांगेपाशी जाऊन वाकले. "डोकंच का हो?"

"हो साहेब." मग अगदी हळू, "आधी डोकं."

"आणि मागून पोट."

बाईंनी चपापून वर पाहिलं.

"मलाही तसंच होतं," खिळे म्हणाले. हे वाक्य त्यांनी घराबाहेर पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. "जा तुम्ही. पेपर इथेच राहू द्या, मी बघतो."

दार लागतं न लागतं तोच सात हात वर झाले. सात जणांची डोकी एकदम उठली होती. त्यातलं खरं कुठलं नि सोंग कुठलं, हे खिळ्यांना सांगता येईना. आपल्याला ते सांगता येतं, या समजुतीवरच तर ते इतकी वर्षं खिळा होते.

"एकेकानं जा," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्याच पोटात कळ आली.

अधीक्षकांनी वर्ग सोडायचा तर नोंदवहीत कारण लिहावं लागे. हात सवयीनं 'डोकेदुखी' लिहून मोकळा झाला. खिळ्यांनी त्यावर रेघ मारली, पुढे 'पोट' लिहिलं, सही केली आणि वही सहायकापुढे सरकवली. सहायकानं वाचलं, पण हसला नाही.

"डावीकडचं स्वच्छ आहे, साहेब," तो म्हणाला.

बाई सहा मिनिटांत परतल्या होत्या. शेवटची घंटा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पेपर गोळा झाल्यावर खिळ्यांनी व्हरांड्यातून घरी फोन लावला.

"डॉक्टरांची वेळ घे. या खेपेला दोन्ही सांगतो."

"का? कुणाला बोललात का काही?"

"जावक विभागातल्या एका बाईंना."

"एवढी वर्षं मी जीव तोडून सांगतेय," बायको म्हणाली, "आणि तुम्ही तोंड उघडलंत कुठे, तर जावक विभागात." मग तिचा आवाज उतरला. "काल दुपारपासून काही खाल्लंत का?"

"नाही," खिळे म्हणाले. आज दिवसभरात हे त्यांचं तिसरं खरं होतं.