डॉक्टरांच्या नावाचं फूल

आमच्या डॉक्टरांचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही चार मित्र भेटलो की प्रत्येकाकडून एकेक निघायचाच, आणि निम्मे तर खुद्द डॉक्टरांनीच पुरवलेले!

महायुद्धात डॉक्टर आरमारात सर्जन होते. त्यांच्या बोटीचा गोरा कप्तान शुक्रवारी बंदर सोडायला कुरकुरायचा. शुक्रवार म्हणे अशुभ. डॉक्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं, "साहेब, आमच्याकडची अमावास्याही त्यात धरा. म्हणजे लढायला दिवसच उरायचा नाही."

\*

युद्ध संपल्यावर डॉक्टर सांगलीला आले. पण बोटीची सवय अशी, की ऑपरेशनला पाय फाकून उभे राहायचे आणि आमच्याकडे चहाला आले की कपबशी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. माझ्या आईला वाटलं, बिचाऱ्याला घरी चहा मिळत नसावा. ती दुसरा कप भरूनच आणायची!

\*

दवाखाना त्यांनी हट्टानं अमावास्येला उघडला. दिवसभरात आलं कोण, तर आम्ही मित्र. त्यातल्या एकाला नशिबानं सर्दी होती! नास्तिक डॉक्टर म्हणून बोभाटा झाला, पेशंट फिरकेनात. दिवाळीपर्यंत जम बसला नाही, तर मुंबईला जाऊन नोकरी धरायची असं ठरलं. वहिनी वैतागून डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमची तत्त्वं चांगली आहेत हो, पण ती साथीसारखी पसरत नाहीत."

\*

खरा अडथळा होता शेजारच्या गावचा दादू गुरव. ऑपरेशन करावं का, हे विचारायला लोक त्याच्या देवळात कौल लावायचे. देवाच्या अंगाला फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. आमच्या डॉक्टरांच्या नावाचं फूल नेमानं डावीकडे!

एके दिवशी खुद्द दादूच बैलगाडीतून आला, अपेंडिक्स फुटायच्या बेतात. डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, "कौल लावलात का?"

दादू कण्हत म्हणाला, "आवं, कौल लावणार मी, अन् मी तर हितं पडलोय. चिरा तुमी."

दादू खडखडीत बरा होऊन घरी गेला.

\*

आणि मग दवाखान्यात ही गर्दी! कुणी पाठवलं म्हणून विचारावं, तर प्रत्येकाचं एकच उत्तर, देवानं. दवाखाना वाचला, मुंबई टळली, वहिनी खूश. डॉक्टर मात्र संतापले. आम्हाला घेऊन तडक देवळात गेले आणि दादूला म्हणाले, हा प्रकार आजपासून बंद.

दादूनं हात जोडले. "माझ्या हातात काय न्हाई, डॉक्टर. तुमचं नाव काढलं की फूल उजवंच पडतंय."

डॉक्टरांनी मूर्तीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"बरं, मग देवाला एवढं सांगा. माणसं उपाशीपोटी पाठव म्हणावं. भूल देताना पंचाईत होते."