दुसऱ्या दिवशीचं उत्तर

धम्मानंदला कुणी गप्प बसवू शकेल असं मला तीस-पस्तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही एकाच पाळीत होतो आणि एकाच स्टाफ बसने जायचो. ड्रायव्हरच्या मागची जागा त्याची, त्याच्या शेजारची माझी. बस सुटली की याचं तोंड सुटायचं. तुम्ही म्हणालात आज ऊन फार, की हा ऊन असण्याचे चार फायदे सांगायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते फायदे पाठ करून आलात की हा सावलीच्या बाजूने बोलायला लागायचा. वैतागून कितीतरी जणांनी जागा बदलल्या. मी बदलली नाही, कारण मला बसमध्ये झोप येते आणि कुणाच्या तरी बडबडीत ती चांगली लागते.

त्याच्या या सवयीचं मूळ मला ठाऊक आहे. प्लांटमध्ये पाळी बदलताना एक रजिस्टर भरावं लागतं. जाणारा माणूस बिघाड लिहितो, म्हणजे अमुक पट्टा घासतोय, तमुक पंप तापतोय. खाली सही आणि वेळ. येणारा माणूस त्याच्याखाली आपण काय केलं ते लिहितो. ज्याने बिघाड लिहिला त्यानेच तो केला असं तिथे कुणी म्हणत नाही. उलट लपवणाऱ्याला साहेब झाडतात. धम्मानंदने चौतीस वर्षं हे रजिस्टर भरलं आणि सगळं जग असंच चालतं असा त्याचा पक्का समज झाला.

निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाची किल्ली मागून घेतली. तिथे दाराशेजारी एक काळा फळा होता, त्यावर कुणीतरी रोज सुविचार लिहायचं. धम्मानंदने सुविचार पुसले आणि रजिस्टर सुरू केलं. रविवारी सकाळी सहाला जाऊन वर 'म्हणणे' असं लिहायचं आणि खाली लोकांच्या तोंडी असलेलं, पण त्याला स्वतःला न पटणारं एखादं वाक्य. शेवटी सही आणि वेळ. दिवसभर पोरं अभ्यास सोडून त्यावर भांडायची. सोमवारी सकाळी तो ते पुसायचा आणि त्याच जागी 'उत्तर' लिहायचा. समोरच्याला पूर्ण एक दिवस द्यायचा, मध्ये बोलायचं नाही, हा त्याचा नियम होता.

एका रविवारी त्याने लिहिलं, 'बाईच्या हाती पगार गेला की घर बिघडतं.' विहार समितीच्या अध्यक्ष इंदुताई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. सोमवारी त्यांनी धम्मानंदच्या हातून खडू काढून घेतला आणि स्वतः उत्तर लिहिलं, 'माझ्या पगारावर दोन भाऊ शिकले. घर बिघडलं नाही, माझं लग्न मात्र उशिरा झालं.' त्या दिवशी वस्तीतल्या बायका दिवसभर फळा वाचायला येत होत्या. आठ वर्षं हे असं चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी संध्याकाळी त्याचा मला फोन आला. उद्या काय लिहिणार ते त्याने सांगितलं, 'आरक्षणाचा फायदा आता शिकल्यासवरल्या घरांनाच होतो. ते बंद करावं.'

"तुले दुसरा विषय नाही सापडला?" मी म्हणालो.

"पोरं मुलाखतीले जातात गा. तिथी हेच विचारतात. आपल्या दारात नाही ऐकलं त लोकाच्या दारात पहिल्यांदा ऐकतीन."

सोमवारचं उत्तरही त्याने मला वाचून दाखवलं. त्यात आमचीच गोष्ट होती. आम्ही दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो होतो. हातात नेमणुकीचा कागद घेऊन तो एका घरमालकाकडे खोली मागायला गेला. मालकाने आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी मी गेलो, तेव्हा खोली रिकामीच होती. मला त्याने चहासुद्धा पाजला. पुढे धम्मानंदचा मुलगा धम्मदीप इंजिनियर होऊन पुण्याला गेला, तर तिथल्या मालकानेही पगाराच्या आधी आडनाव विचारलं. शिकून घर बदलतं, विचारणारे बदलत नाहीत, ज्या दिवशी ते विचारणं थांबेल त्या दिवशी या म्हणण्याचा विचार करू, असं ते उत्तर होतं. ती खोली मी घेतली आणि चार वर्षं राहिलो, हे मी इथे सांगून टाकतो.

"तुह्यं नाव नाही टाकत. 'एक मित्र' म्हणून लिहितो," तो म्हणाला.

"टाक नं. मी काय भेतो कोणाले?" मी म्हणालो.

रविवारी फळ्याचा फोटो कुणी काढला ते आजवर कळलेलं नाही. दहाच्या सुमारास तो आरक्षणाला शिव्या घालणाऱ्यांच्या एका पानावर गेला. वर लिहिलं होतं, 'यांचाच माणूस शेवटी खरं बोलला.' खाली धम्मानंदची ठसठशीत सही. 'म्हणणे' हा शब्द फोटोत आलाच नव्हता. दुपारपर्यंत हजारो लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मग ते वस्तीत परत आलं आणि वस्ती पेटली. परक्याने आपल्या दारातलं वाक्य उचलून आपल्याच तोंडावर मारलं तर कुणालाही झोंबेल, त्यात मी वस्तीला दोष देत नाही. पण ते वाक्य कसं लिहिलं जातं हे ज्यांना आठ वर्षांपासून माहीत होतं, त्यांनीसुद्धा त्या दिवशी फळ्याऐवजी फोटोच पाहिला.

चार वाजता फळा पुसून खाली उतरवला गेला. सहा वाजता समितीचं पत्रक निघालं, विहाराचा या व्यक्तीशी संबंध नाही. किल्ली काढून घेतली. वाचनालयात अभ्यास करणाऱ्या एक्केचाळीस मुलांनी या माणसाला पुन्हा विहारात बोलू देऊ नये असं सह्यांचं निवेदन दिलं. पहिली सही प्रीतीची होती. दुसऱ्या टेबलाशी बसणारी ही मुलगी, राज्यसेवेची तयारी करणारी. तिच्या डोळ्यांवर ताण येतो म्हणून धम्मानंदने समितीशी भांडून त्या टेबलावर वेगळा दिवा बसवून घेतला होता.

आता माझं सांगतो. त्याच दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळमेश्वरच्या पिंटूने, माझ्या पुतण्याने, तोच फोटो टाकला. 'काका, हे तुमच्या सोबतचेच ना? शाब्बास त्यांची.' खाली अंगठ्यांची रांग लागली. मी लिहायला घेतलं, 'हे त्याचं मत नाही, उद्या त्याचं उत्तर येणार आहे.' मग विचार केला, उद्या लग्नकार्यात याच लोकांमध्ये बसायचं आहे, कशाला उगाच. लिहिलेलं पुसलं आणि जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. वस्तीच्या बाजूनेही मी मूग गिळून बसलो. तिथे माझं निमित्त वेगळं होतं, मी बाहेरचा, मी बोललो तर त्याला आणखी जड जाईल. दोन्हीकडे मला निमित्तं मात्र चटकन सापडली.

आठवड्याने इंदुताई धम्मानंदच्या घरी गेल्या. मी तिथेच होतो. त्या बाई वाईट नाहीत. त्यांच्यावरही खालून दबाव होता.

"भाऊ, मोबाईलच्या व्हिडिओत दोन मिनिटं बोला," त्या म्हणाल्या. "चुकलो म्हणा, बस. मंग तुमचं उत्तर फळ्यावर लिहा. मी सोता खडू देतो तुमाले."

"ताई, रविवारी विचारलं असतं त ते उत्तर होतं," धम्मानंद म्हणाला. "आता लिहिलं त लोकं म्हणतीन, घाबरला अन् पलटला. माहं उत्तर खरं हाय. त्याले माफीच्या मांगं उभं नाही करत मी."

"इतकी अकड काहून?"

"अकड नाही वं ताई. मी चुकीचं काय केलं ते मले कोणी सांगून नाही राहिलं. सांगा, मी ऐकतो."

इंदुताईंनी सांगण्याचा प्रयत्न केला. वेळ वाईट आहे, लोक टपलेले आहेत, आपलं वाक्य आपल्यावरच उलटतं. धम्मानंदने सगळं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "हे बरोबर हाय तुमचं. फोटो निघते हे मी नाही समजलो. तेवढं चुकलं." पण मोबाईलसमोर तो बसला नाही आणि त्या उठून गेल्या.

त्यानंतर दोन वर्षं तो माणूस भांडला नाही. वस्तीतल्या लग्नांत लोक त्याला भाषण करायला बोलवायचे, ते थांबलं. त्याची बायको शामला रविवारी विहारात जायची, ती मागच्या रांगेत बसायला लागली. यातलं काहीच त्याने मनाला फारसं लावून घेतलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी त्याच्याकडे जायचो, मुद्दाम काहीतरी वाकडं बोलायचो. यंदा थंडी पडत नाही, म्हटलं तर तो म्हणायचा, हो. पडेलही कदाचित, म्हटलं तरी हो. मी एकदा चिडून म्हणालो, "दोन्ही कसं होय? एक काहीतरी धर." तो हसला आणि शामलावहिनींना चहा टाकायला सांगितलं. बसमधली तीस वर्षं ज्याच्या बडबडीत मी झोपा काढल्या, त्याच्या तोंडचं एक 'नाही' ऐकायला मी तरसलो होतो.

वाचनालयाच्या दाराशी आता फ्लेक्स आहे. त्यावर छापील सुविचार असतो, महिन्यातून एकदा बदलतात. परिश्रमाला पर्याय नाही, वेळेचं महत्त्व ओळखा, असं काहीबाही. त्यासमोर उभं राहून भांडताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

यंदा फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे बसलो होतो, तेव्हा प्रीती आली. दारातच उभी राहिली. जय भीम म्हणाली. धम्मानंद म्हणाला, "ये, बस वं बाई." ती खुर्चीच्या टोकावर बसली. लेखी परीक्षा पास झाली होती, पंधरा दिवसांवर मुलाखत होती. क्लासमध्ये सराव घेताना एका सरांनी तिला विचारलं होतं, आरक्षण अजून किती दिवस? ती घोषणा द्यावी तशी चार वाक्यं मोठ्याने बोलली आणि मग तिला पुढे काही सुचलं नाही.

"सर म्हणाले, समोरच्याचं म्हणणं तुम्हाला माहीतच नाही, तर उत्तर कोणाले देता?" ती म्हणाली. "काकाजी, तवा पहिली सही माही होती."

"ते राहू दे."

"नाही, राहू कसं देऊ?" तिचे डोळे भरून आले होते. "मले वाटलं आपण बरोबर करून राहिलो."

"तुले राग आला होता. येणारच." त्याने खुर्ची पुढे ओढली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मला बसमधला वाटला. "आता असं कर. पहिले त्याचं म्हणणं सांग. अर्धवट नाही, पूर्ण. तो कसा सांगीन, तसंच. त्याच्यापेक्षाही चांगलं सांग. मंग आपण उत्तर पाहू."

मला आतून फार बरं वाटलं. वाटलं, आता हा माणूस परत आला. पण प्रीती उठली. तिने मोबाईल बंद करून तो पर्समध्ये टाकला, पर्स आतल्या खोलीत ठेवून आली. खिडकी लावली. दार लोटलं. धम्मानंद तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी दोन वर्षांत राग पाहिला नव्हता, तो त्या वेळीही नव्हता, पण त्याचा चेहरा पडला. त्याच्या स्वतःच्या बाबतीत जे झालं, त्यानेही तो एवढा पडला नव्हता.

"काहून वं, कोणाले भेते?" त्याने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला ती नीट ओळखत नव्हती. थोडी घुटमळली आणि म्हणाली, "काकाजी, हे जरा बाहेर बसतीन काय?"

मी उठायला लागलो. धम्मानंदने हात करून मला खाली बसवलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, चाळीस वर्षांच्या ओळखीवर तो तिला माझी हमी देत होता.

"रुपरावले बसू दे," तो म्हणाला. "त्याचं भेव नको धरू. तो कुठीच काही बोलत नाही."

प्रीतीला ते पटलं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली.