सिद्धेश्वरच्या काठी हुरडा आणि रेवाची राखण

आमच्या घरात सहलीचं ठिकाण शोधायचं काम मंदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आणि त्यात खोड काढायचं काम माझं. या वेळी मात्र मी खोड काढली नाही. त्याने मोबाइल पुढे केला, "हिंगोली जिल्ह्यात, सिद्धेश्वर धरणाजवळ एक शेतातला मुक्काम आहे, हुरडा, पक्षी, हरणं," आणि मी लगेच म्हटलं, "चल." बिचारा दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिला.

कारण सांगते. त्याच आठवड्यात आमच्या रेवाच्या शाळेत पालकसभा होती. रेवा सहा वर्षांची. घरात हळू आवाजात का होईना, पण पुष्कळ बोलते. उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेत नाही, सोसायटीत नाही, मावशीकडे सुद्धा नाही. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टर बाई म्हणतात, मागे लागू नका, वेळ लागेल. मी मागे लागत नाही. पण गॅदरिंगमध्ये तिला झाड केलं होतं, कारण झाडाला संवाद नसतात, आणि पालकसभेत बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा असते हो, तेव्हा कसं करायचं?" मी चोवीस तास बडबडणारी बाई, आणि माझ्याच पोटी ही! रात्रभर तळमळले. तेव्हा म्हटलं, कुठंही चला, पण चला.

शनिवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरहून निघालो. जालना, मंठा, जिंतूर, औंढा असा सरळ रस्ता आहे. मुलं लहान असतील तर जालन्यात नाश्ता उरकून घ्या, पुढे बरं हॉटेल चटकन सापडत नाही. जिंतूरला गाडीची टाकी आणि मुलांची पोटं दोन्ही पुन्हा भरून घ्यावीत. जिंतूरनंतर टेकड्या सुरू होतात आणि रस्ता फार देखणा होतो, एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला पिवळी पडत चाललेली हळद. आमचा धाकटा चिकू, वय वर्षे चार, प्रत्येक बैलगाडीला खिडकीतून टाटा करत होता. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. रांगेत उभं राहण्याइतका दम मुलांना नसेल तर बाहेरून देवळाला एक फेरी मारा. भिंतींवर दगडात कोरलेले हत्ती आहेत. चिकूने एकेका हत्तीला नाव ठेवलं आणि रेवाने ती नावं मला कानात सांगितली.

औंढ्याहून पुढे मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. आम्हाला त्याने थेट कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन उभं केलं. शेवटी मुक्कामाचे मालक प्रल्हादभाऊ मोटारसायकलवर घ्यायला आले. तिशीतला माणूस, हसरा.

"दाजी, गाडी हितंच लावा, फुडं पाटाचं पाणी फुटून राहिलंय," ते मंदारला म्हणाले आणि माझ्याकडे वळून, "ताई, रस्त्याची तकलीफ न्हाई ना झाली?" भेटल्या भेटल्या मी ताई आणि नवरा दाजी झाला. माहेरी आल्यासारखं वाटायला एवढं पुरे असतं.

बंजाऱ्यांच्या तांड्याच्या कडेला, ज्वारीच्या शेताला लागून कौलारू खोल्या आहेत. साध्या, पण लख्ख. कमोड आहे, गरम पाणी बंबाचं, आणि थंडी अशी की स्वेटर विसरलात तर माझं नाव घ्याल. खर्च म्हणाल तर शहराजवळच्या रिसॉर्टच्या निम्म्याहून कमी, आणि लहान मुलांचे वेगळे पैसे घेत नाहीत. शनिवार-रविवारी जायचं तर आठवडाभर आधी फोन करा.

प्रल्हादभाऊंचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे. आता त्यांच्या घरात शेती आहे आणि हिवाळ्यात आमच्यासारखे पाहुणे. घर चालवते त्यांची आई. तिला सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच. सत्तरीची असेल, आवाज मात्र धरणाच्या पलीकडे पोचेल असा.

दुपारी हुरडा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, त्यात कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची आणि दाणे समोर टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. मंदार पहिल्या घासाला म्हणाला, "अहाहा," आणि नंतर अर्धा तास काहीच म्हणाला नाही. आमच्याकडे हे मोठं कौतुक समजलं जातं.

संध्याकाळी ज्वारीवर पाखरं आली. भोरड्या म्हणतात त्यांना. मैनेएवढा पक्षी, अंग गुलाबी, डोकं काळं. एक-दोन नाहीत, आभाळभर! सगळा थवा एकदम वळायचा, आवळायचा, पसरायचा, जणू कुणी चादर झटकतंय. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मंदार फोटो काढत सुटला. रेवा माझा हात घट्ट धरून उभी.

आणि मागून याडी गरजली, "पाहत काय राहिलात! हाकला की! होऽऽ हुर्र्याऽऽ!"

आम्ही दचकलोच. तेव्हा कुठं उजेड पडला, की ज्याला आपण निसर्ग म्हणून टाळ्या वाजवतोय ते याडीच्या वर्षभराच्या भाकरीवर उतरतंय. मग काय, मीही ओरडले, मंदारही ओरडला, चिकू तर आनंदाने बेभान झाला. रेवा तेवढी गप्प होती.

मला मागच्या वर्षीची जंगल सफारी आठवली. तिथं जीपमध्ये सगळे एकमेकांना "शूऽऽ" करत होते आणि गाइड रेवाकडे बोट दाखवून म्हणाला होता, "बघा, किती शहाणी मुलगी, अजिबात आवाज नाही." सगळ्यांनी कौतुक केलं होतं तिचं. मला मात्र ते कौतुक फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊंनी आधी माळरानावर नेलं. धुक्यातून काळविटांचा कळप उड्या मारत गेला, पुढे शिंगांचा मोठा नर. अशी हरणं मोकळ्यावर बघायला मिळणं हे माझ्या मते कुठल्याही प्राणिसंग्रहालयापेक्षा भारी. परत आलो, चहा झाला, आता धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला जायचं होतं. तेवढ्यात याडी अंगणात आली. राखणीला बसणारा गडी गावाला गेला होता, ती स्वतः कणसं खुडायला बसणार होती, आणि माळ्यावर कुणीतरी हवं होतं. माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेली फळ्यांची बैठक, पुरुषभर उंच, तिच्यावर बसून पाखरं हाकायची.

याडीने रेवाकडे पाहिलं. "नाव काय गं तुझं?"

"रेवा," मी म्हटलं. सवयच झालीय. "ती बाहेर कुणाशी बोलत नाही हो."

"बोलायचं काय काम हाय? पाखराशी कोण बोलतंय? आली की हाकलायचं. हात हायेत ना?" मग तिलाच विचारलं, "बसतीस का माळ्यावर? व्हय का न्हाई?"

रेवाने मान हलवली. होकाराची! मी म्हटलं, मी पण थांबते, एवढीशी पोर, उंचावर. प्रल्हादभाऊ म्हणाले, "काहून घाबरून राहिल्या ताई? याडी खालीच हाय. आमी समदे त्याच माळ्यावर वाढलो."

याडीने तिला वर चढवलं, शेजारी पत्र्याचा डबा ठेवला, हातात काठी दिली, आणि एकदाही "शाब्बास" किंवा "घाबरू नको" न म्हणता आपल्या कामाला लागली. मी चार वेळा मागे वळून पाहत धरणाकडे निघाले. रेवाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर आभाळात होती.

पाण्याकाठी दृश्य असं, की डोळ्यांचं पारणं फिटलं. उथळ पाण्यात चित्रबलाक उभे, काठावर केशरी चक्रवाकांच्या जोड्या, लांब कोळ्यांची एकच होडी. डब्याचा ठण ठण आवाज मधूनच ऐकू यायचा आणि मला हायसं वाटायचं. मंदार पोटावर झोपून, श्वास रोखून चक्रवाकांचा फोटो घेत होता. मग डब्याचा आवाज थांबला. मी कान टवकारले.

आणि मग शेताकडून आरोळी आली. "होऽऽऽ हुर्र्याऽऽऽ!"

खणखणीत. सगळे चक्रवाक पाण्यावरून उठले आणि ओरडत लांब गेले.

"अरे, कुणाचं कार्टं केकाटतंय हे!" मंदार उठून बसला. "सगळे पक्षी उडवले!"

"तांड्यावरचं असेल कुणाचं तरी पोरगं," मी म्हटलं. "पण काय आवाज आहे रे! याडीवरच गेलंय."

पुन्हा आरोळी आली, पहिल्यापेक्षा लांब.

चिकू चिखलात काडीने खड्डा करत होता. त्याने वर न बघताच सांगितलं, "दीदी आहे."

मी त्याच्याकडे बघितलं, मग मंदारकडे. नऊ महिने पोटात वाढवलेल्या, सहा वर्षं रोज कुशीत घेतलेल्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नव्हता. येणार तरी कसा? एवढा मोठा मी तो कधी ऐकलाच नव्हता.

मी पळत सुटले. चप्पल पाटाच्या चिखलात राहिली. ज्वारीच्या कडेला मात्र मंदारने मागून हात धरला, "जाऊ नकोस. तुला बघून थांबेल ती." खरं होतं. मग आम्ही दोघं ज्वारीआड उभे राहिलो. माळ्यावर आमची रेवा उभी, कमरेवर हात, फ्रॉकला ज्वारीचा भुस्सा. भोरड्यांचा थवा वळला की ती छाती भरून श्वास घ्यायची आणि ओरडायची. थवा तिच्या आवाजाने वर उचलला जायचा. खाली याडी मान खाली घालून कणसं खुडत होती, जणू यात नवल ते काय. मी ढसाढसा रडले. मंदारही रडला, पण तो म्हणतो डोळ्यात भुस्सा गेला.

नंतर अंघोळीच्या वेळी मी शक्य तितक्या सहज विचारलं, "डबा का नाही वाजवलास गं?"

"काठी खाली पडली," रेवा म्हणाली. "भोरड्या आल्या. मग काय करणार?"

खरंच, मग काय करणार!

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ज्यांना चालतात त्यांना धरणातले ताजे मासे. निघताना याडीने कणसांची एक पेंडी बांधून रेवाच्या हातात दिली. आमच्या नव्हे, तिच्या. "राखणीची पेंडी हाय. राखणदाराला द्यावीच लागती." प्रल्हादभाऊंनी विचारलं, "पुढच्या साली येतीस का राखणीला?" रेवा माझ्यामागे लपली. एक शब्द बोलली नाही. पेंडी मात्र घरापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

येऊन आता पंधरवडा झाला. लोक विचारतात, लहान मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? डोळे मिटून जा. संक्रांतीच्या आधी गेलात तर हुरडा आणि भोरड्या दोन्ही मिळतील. घसरगुंडी, पोहण्याचा तलाव असलं काही तिथं नाही, आणि आमच्या मुलांना त्याची आठवणसुद्धा झाली नाही. शाळेचं विचाराल तर रेवा अजून बोलत नाही. बाईंचा परवाच फोन आला होता. मी "हो, हो" म्हटलं आणि ठेवला. चमत्कार वगैरे काही झालेला नाही, उगाच कशाला सांगू?

पेंडी आम्ही गॅलरीत टांगली आहे. चिमण्यांनी खाल्लेलं रेवाला चालतं, कबुतरांनी खाल्लेलं चालत नाही. काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि गॅलरीतून आरोळी आली, "होऽऽ हुर्र्याऽऽ!" खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू घाबरून बाहेर आल्या. रेवाला त्यांनी पाळण्यात पाहिलंय, पण तिचा एक शब्द त्यांच्या कानावर कधी पडलेला नाही.

"कोण गं ते ओरडतंय?" त्यांनी वर बघून विचारलं. "रेवा, तू?"

तिच्या वतीने उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पिठाचा हात पुसत गॅलरीकडे धावले. दारातच थांबले.

"व्हय!" रेवा कठड्यावरून वाकून म्हणाली. आणि मग काकूंना नीट समजावं म्हणून, "कबुतरं येऊन राहिली होती."