ब्रदर मार्टिनची आई

चर्चच्या दारात बूट काढून आत जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या सिस्टर. भर जानेवारीत, गार दगडी फरशीवर, नुसत्या मोज्यांनी. मी म्हटलं, "अहो, इथे बूट घातलेले चालतात." तर म्हणाल्या, "त्यांना चालत असतील. मला नाही चालत."

लंडनजवळ वॉटफर्डला ज्या वॉर्डात मी नवी नर्स म्हणून लागले, तिथल्या त्या सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स. रिटायर झाल्यावरही आम्हा मराठी मंडळींत नाव तेच राहिलं. नवरा लवकर गेला; एकुलता एक मुलगा निखिल. तो अकाउंटंट झाला, लंडनमध्ये चांगली नोकरी लागली, आणि एक दिवस सगळं सोडून संन्यासी झाला. दूर एका खेड्यात मध्ययुगातलं चर्च आहे, त्याला लागून मूठभर ख्रिस्ती साधू राहतात. प्रार्थना करतात, भाजी पिकवतात. त्यांच्यात गेला. कुणी विचारलं की सिस्टर म्हणायच्या, "मी सिस्टर, मुलगा ब्रदर. घर बघा आमचं." हसावं की नाही ते कळायचं नाही.

मोटरवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं, म्हणून मी न्यायची. पहिल्या भेटीत दार उघडणारे म्हातारे ब्रदर अदबीने म्हणाले, "ब्रदर मार्टिन बागेत आहेत, बोलावतो." सिस्टर म्हणाल्या, "नो. आय हॅव कम फॉर निखिल." तिथे नाव बदलतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. परतताना गाडीत म्हणाल्या, "नाव मी ठेवलंय. ते बदलायचा हक्क देवाला नाही. त्यांच्या देवालाही नाही आणि आपल्याही नाही." त्यांना एवढंच हवं होतं, की त्यानं घरी यावं आणि निखिल म्हणून यावं. मार्टिन हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही.

दर खेपेला खोबऱ्याच्या वड्या असायच्या. तिथे आलेलं सगळं सगळ्यांचं, हे कळल्यावर त्या जास्त नारळ घेऊ लागल्या. सगळ्यांना वाटून निखिलला दोन तरी मिळायला हव्यात, हा त्यांचा हिशेब. निखिल म्हणायचा, "आई, इतका वड्या कशाला आणला?" त्या म्हणायच्या, "इतक्या. आणल्या. इंग्रजांच्या देवाला मराठी व्याकरण येत नाही वाटतं." तो हसायचा तेव्हा अगदी शाळेतला पोरगा दिसायचा.

मग चर्चमध्ये प्रार्थनेची घंटा व्हायची आणि तो आमच्यातून उठून जायचा. ते सगळे काळ्या झग्यांत समोरासमोर उभे राहून गायचे. अख्खा वॉर्ड गप्प करणारी ही बाई मागच्या बाकावर ताठ बसून एकाच माणसाकडे बघत राहायची. "घरी कधी तोंड उघडलं नाही गायला," एवढं एकदा कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

कॅन्सर कळल्यानंतर त्या शेवटच्या गेल्या, तेव्हा त्याला सरळ विचारलं, "सुखात आहेस ना रे?" तो म्हणाला, "हो आई." गाडीत म्हणाल्या, "खोटं बोलत नाही गं तो. तेच तर वाईट आहे."

सिस्टरना हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटचे दिवस काढायच्या जागी, हलवल्यावर मठातून त्याला लगेच पाठवलं गेलं. तो झगा घालूनच उशाशी बसून असायचा. एका दुपारी नव्या नर्सने विचारलं, हे कोण? आवाज पार खोल गेला होता, पण सिस्टरनी अगदी नीट सांगितलं, "माय सन. ब्रदर मार्टिन." मग त्याची बाही चाचपत म्हणाल्या, "बरोबर म्हटलं ना रे?"

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी त्या भांडल्या, तो त्यांनी आपण होऊन देऊन टाकला. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. पण त्याने त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि हुंदके देत म्हणाला, "आई, निखिल बोल ना. प्लीज, निखिल बोल."

त्यांना झोप लागली होती. तो तेच म्हणत राहिला. पहाटे सिस्टर गेल्या, झोपेतच.