मिटलेल्या डोळ्यांचं सीताफळ

नात सहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली. पुण्यातल्या उंच इमारतीत वाढलेली पोर. मुंगी दिसली तरी पाय वर घेऊन सोफ्यावर बसायची. मुकुंदवाडीत आमच्या घरापुढं हातभर माती होती, तीतही चप्पल काढून उतरायची नाही. मुलाला काही म्हणालो तर तो सांगायचा, तिच्या शाळेत निसर्गाचा वेगळा तास असतो. माझं डोकं फिरायचं. निसर्गाचा तास म्हणजे पडद्यावर झाड बघायचं! मी ठरवूनच टाकलं, या सुट्टीत पोरीला मातीची गोडी लावायची. तिला द्यायला माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

भाऊबीज झाल्यावर तिला पॅसेंजरनं लासूरला नेलं. तिथून जवळच माझ्या थोरल्या भावाचं शेत आहे. बांधावर सीताफळीची झाडं आहेत. ती कुणी लावली नाहीत, त्यांना कुणी पाणीही घालत नाही. तिथपर्यंत पोचायलाच आमची दमछाक झाली, कारण मोज्यात कुसळं शिरली म्हणून नात अर्ध्या वाटेवर रडत बसली. मी मनातून खचलोच होतो.

भावानं एक फांदी खाली ओढून तिला फळ दाखवलं. सीताफळाच्या अंगावरच्या फुगवट्यांना आम्ही डोळे म्हणतो. दोन डोळ्यांमधली फट रुंदावून पिवळसर दिसू लागली की डोळे उघडले म्हणायचं. मग फळ तोडायचं, धान्यात खुपसून ठेवायचं, ते पिकतं. तिनं रडणं थांबवून हे सगळं ऐकलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत, हाताला आलेलं एक फळ ओढून तोडलं. लहानसं, हिरवंगार, सगळे डोळे गच्च मिटलेले.

"ते नाय पिकायचं, बाई. काळं पडंल," भाऊ म्हणाला.

ती माझ्याकडं बघत राहिली. पिकेल की, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं, पण तसं म्हणालो नाही. बहुतेक नाही पिकणार, तरी त्याचं काय होतं ते आपण रोज बघू, असं सांगितलं. तिला ते पटलं. परतताना गाडीत पूर्ण वेळ फळ तिच्या मांडीवर होतं. देठाजवळचा एक डोळा चपटा होता, कुणी अंगठा दाबून ठेवल्यासारखा, आणि त्याच्या कडेनं एक मुंगी फिरत होती. मी झटकायला गेलो तर तिनं माझा हात धरला. मुंगीचं घर आहे म्हणाली. मुलाला नोकरी लागली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

फळ ज्वारीच्या डब्यात गेलं. मग पोर सकाळी उठली की दात घासायच्या आधी डब्याशी हजर. कोपरापर्यंत हात घालून फळ काढायची, दारातल्या उजेडात नेऊन फिरवून फिरवून बघायची, पुन्हा पुरून ठेवायची. देठाशी काळं दिसू लागलं तेही तिनंच मला दाखवलं, अगदी शांतपणे. जीव कासावीस झाला तो बायकोचा. लेकरू रोज आशेनं बघतंय आणि तुम्ही खुशाल ते सडू देताय, असं ती मला ऐकवायची. तू यात पडू नकोस, असं मी तिला बजावलं होतं.

ती पडलीच. फॉल लावायला टाकलेली साडी आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली आणि येताना हातगाडीवरून त्याच मापाचं, पिकायला आलेलं सीताफळ निवडून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात फळ घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आबा, हे माझं नाही. याला चपटा डोळा नाही."

मागं उभी असलेली बायको नजरेनंच विनवत होती. पण मी खरं ते सांगितलं. मग माझं कुठाय, असं तिनं विचारलं. ते नुकतंच घंटागाडीत गेलं होतं.

"काळंठिक्कर पडलं होतं गं ते. तुला लई वाईट वाटलं असतं," बायको तिला जवळ घेत म्हणाली.

"पण मला बघायचं होतं."

तिनं ते फळ ओट्यावर ठेवलं. रडली नाही, खाल्लंही नाही. त्या दिवशी मी बायकोला फार बोललो. आता वाटतं, तिनं असं काय जगावेगळं केलं होतं? पोरांना टोचायच्या आत काटा आपणच काढून टाकायचा, हे आम्ही मुलाच्या वेळीही केलं, आणि तेव्हा पुढं मीच होतो. शेतातलं ऊन त्याला लागू नये म्हणूनच तर शहरात येऊन राहिलो.

पुढच्या दिवाळीला नात आली. उंची वाढली होती, दोन दात पडले होते. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होतो. भावाला फोन करून ठेवला होता, तिच्या हाताला येईल अशा फांदीवरची फळं तोडू नकोस म्हणून. सकाळी पिशवी काढून तिला म्हणालो, चल, लासूरला जाऊ, यंदा डोळे उघडलेलं बघून तोडू.

ती चित्र रंगवत होती. वर बघून समजुतीनं म्हणाली, "नको आबा. आजी आणेल ना औरंगपुऱ्यातून."

बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला ते ऐकू गेलं.