आवाज हाय का?

कॉलेजात आम्हा चौघांना रॉकचं वेड लागलं, तेही साधंसुधं नाही. ज्याला चाल नाही, ध्रुवपद नाही आणि शेवट कधी येईल याचा भरवसा नाही, असलं काहीतरी आम्हाला करायचं होतं. सरावाची जागा म्हणजे शिवाजी पेठेतली ड्रमरच्या वडिलांची पिठाची गिरणी. सोमवारी ती बंद असायची. ड्रमवर काठी पडली की पीठ उडायचं आणि घरी परतताना आम्ही चौघंही म्हातारे दिसायचो.

एका गाण्यात गिटारच्या मागं आम्ही गिरणीच्या पट्ट्याची घरघर घेतली होती. पण शब्द काही जमेनात. गायक मित्र कुरुंदवाडचा, रोज एसटीनं यायचा. गडी बिनमाईकचा गायला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. त्यानं कागदावर बरंच दुःख लिहून आणलं होतं, पण तो ते म्हणायला लागला की आम्हालाच हसू फुटायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी माईक खरखरला, तेव्हा ड्रमरनं वाजवता वाजवताच ओरडून विचारलं, "आवाज हाय का?"

"हाय की!" गायक खणखणीत ओरडला.

नंतर ऐकताना तेवढीच जागा जिवंत वाटली. मग त्याचं दुःख गुंडाळून ठेवलं आणि अख्खं गाणं या दोन वाक्यांवर उभं केलं. आम्ही विचारायचो, तो उत्तर द्यायचा. कधी कुजबुजत, कधी भांडल्यासारखा, कधी देवासमोर उभा राहिल्यासारखा.

पुण्याला स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "त्या 'हाय'मध्ये फार खोल वेदना आहे." त्यांना तो उसासा वाटला होता. आमच्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे', हे सांगायला मी तोंड उघडणार, तोच गायकानं माझा पाय दाबला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "व्हय, लई वेदना हाय." बक्षीस काही मिळालं नाही. परतीच्या एसटीत हसून हसून आमची मुरकुंडी वळली. ते दिवस मला अजून हवेसे वाटतात, खोटं कशाला बोलू?

पुढं नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड मोडला. गाणं मात्र पेठेतल्या मोबाईलवरून फिरत फिरत फुटबॉलच्या मैदानावर पोचलं. मॅच अटीतटीला आली की गॅलरीचं एक टोक विचारायचं, "आवाज हाय का?" आणि दुसरं गर्जायचं, "हाय की!" हे मूळचं कुणाचं, कुणाच्या गावीही नव्हतं. गायक दर मोसमात येऊन ते ऐकायचा आणि कॉलर ताठ करून परत जायचा.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानं आम्हाला भेटणंच सोडलं. घरी गेलो तर आतल्या खोलीतून बाहेर यायचा नाही. वहिनी चहा द्यायच्या आणि खाली बघत राहायच्या. मित्र जिवंत असून आपण त्याला गमावलं, असं वाटायचं आणि फार वाईट वाटायचं.

यंदा त्याचाच मेसेज आला, 'मॅचला जाऊ.' गेलो खरा, पण मनात धास्ती होती. आपलंच गाणं त्याला आता टोमण्यासारखं लागलं तर? उत्तरार्धात गॅलरी उठली. "आवाज हाय का?" मित्र उभा राहिला, छातीभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं. शेजारचा मिशीवाला त्याच्यावर खेकसला, "काय पावणं, उपाशी आलायसा व्हय? आवाज कुठाय?"

मी त्या माणसाच्या अंगावर जाणार, तोच मित्रानं माझा दंड धरला. तो हसत होता. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं स्वतःच्या गळ्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं केलं आणि मला पुढं ढकललं.

गॅलरीनं पुन्हा विचारलं. सूर मला जन्मात लागला नाही, म्हणून तर माझ्या हातात गिटार दिली होती. तरी त्याच्या वाटणीचं मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, "हाय की!"

"आत्ता कसं!" मिशीवाला म्हणाला.

मॅच संपेपर्यंत मित्रानं माझा दंड सोडला नाही.